आमची वाटचाल : भंगारातून चटई, चटईतून पुन्हा चटई

जळगाव एमआयडीसीत आमचा कारखाना लहानच. चटया विणायचे आठ लूम, प्लास्टिक वितळवून त्याचा दाणा करायचं एक मशीन, वीसेक माणसं. वडिलांनी भाड्याच्या शेडमध्ये दोन जुन्या लूमवर सुरुवात केली, तो इतिहास इथं सांगत बसत नाही. जळगावात चटई विणणारे कमी नाहीत. आमचं काही वेगळं असेल तर ते दाण्यात.

चटईची पोकळ काडी पीपीची, म्हणजे पॉलिप्रोपिलीनची. खताच्या गोण्या, फुटक्या बादल्या, खुर्च्या दळून आम्ही तिचा दाणा करतो. थोडा नवा दाणा मिसळावाच लागतो, उगाच शंभर टक्क्यांची बढाई मारत नाही. खरं काम निवडीचं. टाकीच्या पाण्यात पीव्हीसी आणि बाटलीचं प्लास्टिक बुडतं, पीपी तरंगतं. पण ठिबकच्या नळ्याही तरंगतात! त्या पॉलिथिनच्या, आणि केळीच्या पट्ट्यात त्यांचं भंगार गाड्या भरून निघतं. एका उन्हाळ्यात यावलकडून आलेल्या गाडीत अशा नळ्या मिसळलेल्या होत्या आणि आम्ही न बघता दळल्या. काडी लूमवर चढली की तटातट तुटायची. आठवड्याचा माल पुन्हा दळला, ऑर्डर हातची गेली. तेव्हापासून निवडीला बसणाऱ्या मावश्यांचा शब्द अखेरचा. त्यातली एक नखानं तुकडा खरवडून सांगते, "हाई पीपी नही शे, भाऊ." सहसा चुकत नाही.

2021 च्या ऑक्टोबरात प्लास्टिक भंगारावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. बिलानं घ्यावं तर भांडवल अडकतं, बिलाशिवाय घ्यावं तर सीए झोपू देत नाही. 2022 मध्ये ईपीआरची नियमावली आली : पॅकिंगचं प्लास्टिक बाजारात आणणाऱ्यानं त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी घ्यायची, आणि नोंदणीकृत रिसायकलरकडून त्याची प्रमाणपत्रं विकत घेता येतात. आम्हीही नोंदणी केली. मात्र हे सगळं पॅकिंगपुरतं. खताची गोणी दळली तर प्रमाणपत्र, आमचीच जुनी चटई दळली तर काही नाही. कॅलिफोर्नियात 2011 पासून कार्पेट विकतानाच गिऱ्हाइकाकडून ठरावीक शुल्क घेतात आणि तो पैसा जुनं कार्पेट गोळा करून रिसायकल करण्यासाठी वापरतात. आपल्याकडं चटईला असा वाली नाही.

मग आम्हीच करून पाहिलं. अमळनेर-धरणगावच्या दुकानदारांना सांगितलं, जुनी चटई आणणाऱ्याला नवीवर 20 रुपये सूट, ती आमच्याकडून. पापड-कुरडया वाळवून उन्हानं कडकडीत झालेल्या चटया येऊ लागल्या. धूळ धुता आली, पण काठानं दगा दिला. काठाची पट्टी पॉलिस्टरची, शिलाईचा दोराही. पीपी 165 अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिस्टरला अडीचशेच्या वर तापवावं लागतं. न वितळलेले तंतू मशीनच्या जाळीत अडकायचे आणि दर थोड्या वेळानं जाळी बदलावी लागायची. काठ हातानं उसवावा तर मजुरी दाण्याच्या भावापेक्षा जास्त. इतकी वर्षं चटई विकली, पण ती परत येईल असं धरून कधी शिवलीच नव्हती.

आता निम्म्या मालाला पट्टी आणि दोरा दोन्ही पीपीचे लावतो. पट्टी जरा ताठ बसते. एरंडोलच्या एका गिऱ्हाइकानं "पायाला टोचते" म्हणून दोन चटया परत पाठवल्या. पट्टी मऊ करायचा खटाटोप सुरू आहे.

या नव्या काठाची वापरून झिजलेली चटई अजून परत यायची आहे. गोदामात तिच्यासाठी कोपरा राखून ठेवलाय. सध्या तिथं मावश्या जेवणाचे डबे ठेवतात.