दुकानात मात्र चालतो!

आमचा मिक्सर चालायचा, पण त्याची वायर डाव्या हाताने जराशी वर उचलून धरली तरच. सोडली की गप्प. आईच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की एका हाताने झाकण, दुसऱ्याने वायर आणि बटण फिरवायला मी, अशी आमची चटणी व्हायची.

दुरुस्तीला नेला की पठ्ठ्या पहिल्याच फटक्यात घुर्रर्र! "चांगला चालतोय की," असं म्हणून दुकानातला पोरगा माझ्याकडे असा बघायचा, की बिघाड माझ्यातच असावा. दोन हेलपाटे असे झाले. साफ बंद पडलेली वस्तू परवडली. मनात आलं तर चालणारी नको.

तिसऱ्या खेपेला दुकानाचे मालक होते. त्यांनी मिक्सर लावलाच नाही, आधी चौकशी केली. खालचं लाल बटण दाबावं लागतं? (म्हणजे जास्त भार पडला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड स्विच उडतोय.) चालताना अडखळतो, ठिणग्या दिसतात? (म्हणजे मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजलेत.) मी दोन्हीला नाही म्हटलं आणि ओशाळून वायर उचलून धरायची गोष्ट सांगितली.

"अहो, मग हे आधी सांगायचं ना!"

खरंच, दोन्ही वेळा मी नुसतं "मधेच बंद पडतो" एवढंच म्हणालो होतो. घरातली असली जुगाडं चारचौघांत सांगायची लाज वाटते.

त्यांनी मिक्सर उघडला. मल्टिमीटरची एक पिन प्लगला, दुसरी आत वायर जोडली होती तिथे. पींऽऽऽ असा अखंड आवाज, म्हणजे वायर आतून जोडलेली. मग वायर बोटभर बोटभर वाकवत ते प्लगपासून मिक्सरकडे सरकले. वायर जिथे आत शिरते त्या रबरी बुशापाशी आवाज तुटला. पीं... पीं... रोज रात्री मिक्सरला वायर गुंडाळून ठेवताना ती नेमकी तिथेच मुडपत होती.

चार बोटं वायर कापून त्यांनी उरलेली पुन्हा जोडली. कापलेला तुकडा मी मागून घेतला. वरून एक ओरखडा नाही. घरी सोलून पाहिला. अशा पाऊण चौरस मिलिमीटरच्या वायरीत केसासारख्या 24 तारा असतात, प्रत्येक 0.2 मिलिमीटरची. त्या एकेक करून तुटत गेलेल्या. तुटलेली टोकं काळी पडलेली, प्लास्टिक आतून करपलेलं.

आईने तुकडा उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे मी रोज हेच हातात धरत होते?"