प्लेट फेकू नका, अजून थांबा

इथे अमेरिकेत फिनिक्सला मी हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे म्हटलं की गावाकडची मंडळी विचारतात, म्हणजे रक्तच तपासतेस ना गं? रक्त असतंच, पण आज सांगते मेंदूतल्या पूबद्दल. हो, मेंदूतही पू होतो.

नोकार्डिया नावाचा एक जंतू आहे, राहतो मातीत, आणि ॲरिझोनात धूळ किती उडते ते इथे उन्हाळा काढलेल्यांना सांगायला नको. धडधाकट माणसाच्या नाकात ती गेली तर सहसा काहीच होत नाही. पण किडनी ट्रान्सप्लांट झालाय, टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू आहे किंवा महिनोन्महिने स्टेरॉइड खाल्लंय, अशांच्या आधी फुफ्फुसात तो घर करतो आणि तिथून रक्तातून मेंदूत जाऊन गळू करतो. ताप असेलच असं नाही, कधी नुसतं डोकं दुखतं, कधी एका हातातली ताकद जाते, कधी थेट फिट. एमआरआयवर कडेने चमकणारं कडं दिसतं, पण तसं तर ट्यूमरचंही दिसतं आणि टीबीच्या गाठीचंही.

मग न्यूरोसर्जन सुईने पू काढतात आणि तो आमच्याकडे येतो. ग्रॅम स्टेन केला, म्हणजे जंतू दिसावेत म्हणून स्लाइडला रंग दिला, की मायक्रोस्कोपखाली मण्यांच्या माळेसारखे बारीक जांभळे धागे, त्यांना फांद्या फुटलेल्या. त्या फांद्यांमुळेच याला कित्येक वर्षं बुरशी समजायचे. एडमंड नोकार या फ्रेंच पशुवैद्याने १८८८ मध्ये तो गुरांमध्ये शोधला, नाव त्यांचंच.

खरी गोची पुढे आहे. टीबीच्या जंतूसारखा हाही ॲसिडला थोडाफार दाद देत नाही, म्हणजे स्लाइडवर चढवलेला लाल रंग ॲसिडने धुतला तरी सहज सोडत नाही. टीबीच्या स्टेनला आपण कॉलेजात २० टक्के सल्फ्युरिक ॲसिड वापरायचो, याला १ टक्काच लागतं. आपल्याकडे भारतात फुफ्फुसात डाग आणि स्लाइडवर लाल काहीतरी दिसलं की टीबीच्या गोळ्या सुरू होतात, आणि पेशंटला उतार पडत नाही म्हणून मग धावाधाव. टीबी इतका आहे की डॉक्टरांनाही किती दोष द्यायचा म्हणा.

आणि कल्चर, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवून बघणं! साध्या जंतूंच्या प्लेट्स आम्ही काही दिवसांत निकालात काढतो, याला दोन-तीन आठवडेही लागू शकतात. म्हणून डॉक्टरांनी फॉर्मवर नोकार्डियाची शंका लिहिली तर फार बरं पडतं, नाहीतर प्लेट कचऱ्यात. वाढला की खडूसारख्या पांढऱ्या कोरड्या वसाहती, लूपने (तारेच्या बारीक कड्याने) उचलायला गेलं तर आगारला, म्हणजे प्लेटमधल्या जेलीला, घट्ट चिकटलेल्या. पावसात भिजलेल्या मातीचा वास येतो म्हणतात, प्लेट हुंगायची नाही हा लॅबचा नियम आहे, तरी झाकण काढलं की येतोच.

औषध मात्र जुनंच, को-ट्रायमोक्साझोल, आपल्याकडचं सेप्ट्रान. गळू मेंदूत असेल तर सुरुवातीला त्याच्या जोडीला शिरेतून दुसरी अँटिबायोटिक्स देतात आणि नंतर गोळ्या धरून एकूण वर्षभर तरी उपचार चालतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं की परत उलटतं.

हे ऐकल्यावर आईचा पहिला प्रश्न, काका आता तुळशीची माती बदलू शकतील का? (काकांचा ट्रान्सप्लांट झालाय.) शक्यतो दुसऱ्या कुणाला सांगा, अगदीच हौस असेल तर हातमोजे आणि मास्क लावून, आणि शेणखताच्या पोत्यात हात घालायचा नाही. आणि काकूंनी घाबरू नये, माणसाकडून माणसाला हे लागत नाही.