एका रकान्यासाठी अडीच महिने

आमच्या गावाने 'उत्कृष्ट पर्यटन गाव' स्पर्धेचा अर्ज भरला त्याला वर्ष होऊन गेलं, पण तालुक्याला बाजाराला गेले आणि त्या एका कार्यालयाचा जिना दिसला की अजून डोकं तापतं. कार्यालयाचं नाव घेत नाही, गावाचंही नाही. रत्नागिरी जिल्ह्यात समुद्राला लागून आहे, चौदा घरांत पाहुण्यांची सोय होते, त्यातलं एक घर माझं. एवढं पुरे.

ही स्पर्धा मुळात कुठून आली ते आधी सांगते, कारण हे मला त्या कार्यालयातही पाच वेळा सांगावं लागलं. संयुक्त राष्ट्रांची पर्यटनाची संस्था माद्रिदला आहे. तिने २०२१ पासून जगभरातली 'बेस्ट टुरिझम व्हिलेजेस' निवडायला घेतली. पहिल्या वर्षीच्या ४४ गावांत तेलंगणातलं इकतवालं पोचमपल्ली होतं, २०२३ ला कच्छच्या रणातलं धोरडो आलं. वस्ती १५ हजारांच्या आत हवी. शेती, मासेमारी, गुरंढोरं असं काहीतरी जुनं पोटापाण्याचं टिकलेलं हवं. पण गावाने उठून थेट माद्रिदला अर्ज धाडायचा नसतो. नावं देशाने पाठवायची. आपल्या पर्यटन मंत्रालयाने २०२३ पासून देशातली वेगळी स्पर्धा सुरू केली, ती जिल्हा, राज्य, देश अशी वर चढते. पहिल्या वर्षी त्यात कोल्हापूरकडचं मधाचं गाव पाटगाव चमकलं, पुढच्या वर्षी आमच्या जिल्ह्यातलं कर्दे. कर्द्याची बातमी आली आणि आमच्या बचतगटातल्या बायकांनी धोशा लावला, "कर्द्याला मिळतं, मग आपल्यात काय कमी?"

पैसे मिळत नाहीत हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं. नाव मिळतं, जगातल्या तसल्या इतर गावांशी ओळख होते, बस्स. तरी बायका हटल्या नाहीत.

ठराव, फोटो, व्हिडिओ हे सगळं झालं. ग्रामसभेला मात्र माणसं आधीपासून सांगून ठेवा. १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातला कमी आकडा गाठावा लागतो, नाहीतर सभा तहकूब. आमची एकदा झाली.

माद्रिदवाले गावाला नऊ अंगांनी तपासतात आणि आपल्याकडचा अर्जही साधारण त्याच वळणाचा आहे. वारसा, त्याचं जतन, पैसा, माणसं, निसर्ग, कारभार, रस्ते, आरोग्य असं सगळं. मला ते प्रश्न आवडले, खोटं कशाला बोलू. पर्यटनातला पैसा गावात किती राहतो, बायकांच्या हातात किती जातो, कचरा कुठे जातो, हे आम्हाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे येणारे साहेब विचारतात ते "सुरमई आहे का?" पाण्याच्या प्रश्नाला आमच्यात वादच झाला. मे महिन्यात विहिरी तळाला जातात आणि नेमके तेव्हाच पाहुणे सगळ्यात जास्त असतात. सरपंचताई म्हणाल्या, "हे लिहू नको, मार्क जातील." मी लिहिलं. खाली हेही लिहिलं की मेमध्ये आम्ही पाहुण्यांना बादली देतो, शॉवर बंद ठेवतो.

आणि मग तो रकाना आला. वर्षाला पर्यटक किती? त्यातले मुक्कामी किती?

सांगा बघू तुमच्या गावाचा आकडा. चौदा घरांपैकी वही ठेवणारी पाच. बाकीच्यांचं एकच, "वहिनी, वहीत लिहिलं की उद्या टॅक्सवाले दारात." मला छातीठोकपणे सांगता येईल असा एकच आकडा होता, परदेशी पाहुण्यांचा. परदेशी माणूस राहिला की त्याची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवावी लागते. तेव्हा त्यासाठी 'सी फॉर्म' होता, तो मी भरला होता. आकडा होता तीन. एक जर्मन जोडपं आणि त्यांचा मुलगा.

जिल्ह्याच्या बैठकीत कुणीतरी तोंडी सांगितलं की हा आकडा तालुक्याच्या कार्यालयाकडून शिक्का मारून आणा. झालं. आता मागे बघून सांगते, असं काही ऐकलंत तर तिथल्या तिथे विचारा, "हे कुठे लिहिलंय?" मी विचारलं नाही.

पहिल्या खेपेला लिपिक म्हणाले, "आकडा तुम्ही आणा ताई, शिक्का आम्ही देतो." मला वाटलं, किती सरळ माणूस. घरी येऊन अंदाजाने आकडा लिहिला, दुसऱ्या खेपेला नेला. तेच लिपिक, तोच चष्मा. "याला आधार काय?" मी म्हटलं, तुमच्याकडे असेल तो द्या. "आमच्याकडे कुठून असणार? गाव तुमचं." तिसऱ्या खेपेला साहेब सभेला गेलेले. चौथ्या खेपेला कळलं की हा विषय या टेबलाचा नाहीच. पलीकडच्या टेबलावर गेले तर त्या बाई डबा उघडत म्हणाल्या, "हे त्यांचंच काम आहे, ते टाळतात." दोन्ही टेबलांमध्ये अंतर किती? मी एका जागी उभी राहून दोघांशी बोलत होते.

पाचव्या खेपेचं तर कुणाला सांगितलं तर पटत नाही. या जागतिक संस्थेला आधी यूएनडब्ल्यूटीओ म्हणत, जानेवारी २०२४ मध्ये ते 'यूएन टुरिझम' म्हणायला लागले. माझ्या जुन्या कागदावर एक नाव, नव्यावर दुसरं. लिपिकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, "या दोन वेगळ्या संस्था दिसतात. नक्की कुणासाठी दाखला?" मी सांगितलं, एकच आहे, नाव बदललं. "बदलल्याचं पत्र आहे का?" म्हणजे माद्रिदहून मी पत्र आणायचं! त्या दिवशी शेवटची एसटी चुकली. वडापच्या जीपमध्ये मासळीच्या टोपल्यांना चिकटून घरी आले आणि सासूबाईंना म्हटलं, सोडून देते.

त्या म्हणाल्या, "गाड्यांच्या पावत्या मोजल्यास काय?"

आमची ग्रामपंचायत किनाऱ्यावर वाहनतळाची पावती फाडते. पुस्तक पन्नास पानी, फाडलेल्या पावतीची स्थळप्रत पुस्तकातच राहते. वर्षभराची पुस्तकं पंचायतीच्या जिन्याखाली सिमेंटच्या गोणीत कोंबलेली होती. भाऊसाहेबांनी गोणी दिली, वर म्हणाले, "वाळवी बघा हां." वाळवी होतीच. आठ बायका माझ्या ओटीवर तीन दुपार बसलो. एक तारीख वाचायची, एक महिन्याप्रमाणे ढीग लावायची, एक वहीत टिपायची. १३१ पुस्तकं निघाली. वाळवीने खाल्लेल्या आणि कोऱ्या पावत्या सोडून ६,२३६ गाड्या भरल्या. मग दोन रविवार नाक्यावर बसून गाडीमागे माणसं मोजली, सरासरी चार पडली. एसटीने येणारे यात धरलेले नाहीत, तसं खाली लिहिलं. पाच वह्यांवरून मुक्कामाचा अंदाज काढला आणि 'अंदाज' हा शब्द ठळक लिहिला.

त्यात एक गोष्ट बाहेर आली ती आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हती. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या गाड्या अख्ख्या जून-जुलैपेक्षा जास्त होत्या. कचरागाडी मात्र बारा महिने आठवड्यातून एकदाच येते. हेही अर्जात घातलं.

हो, एक राहिलं. पोर्टलवर नोंदणी करताना गावातच राहणाऱ्या माणसाचा मोबाइल नंबर द्या. आम्ही सरपंचताईंच्या मुलाचा दिला. तो मुंबईला गेला आणि प्रत्येक ओटीपीसाठी आम्ही त्याच्या लोकलमधून उतरण्याची वाट बघायचो. आमच्याकडे रेंज फक्त देवळाच्या पायरीवर येते, ते वेगळंच.

सहाव्या खेपेला मी गोणीच घेऊन गेले. दोघी बरोबर होत्या. गोणी टेबलावर ठेवली, धूळ उडाली, म्हटलं, हा आधार. लिपिकांनी एक पुस्तक उघडलं, दुसरं उघडलं, मग तिसरं उघडायचं सोडून साहेबांकडे गेले. दहा मिनिटांत शिक्का मिळाला. खरं सांगते, त्या जिन्यावरून उतरताना मी मोठ्याने हसले.

ते हसू रात्री गेलं. देवळाच्या पायरीवर बसून कागद चढवताना बघितलं तर ज्या कागदांशिवाय अर्ज पुढे सरकत नाही त्यांच्यापुढे लाल तारा होता. आमच्या दाखल्याच्या जागेपुढे ताराच नव्हता. नसता दिला तरी चाललं असतं. अडीच महिने!

अर्ज भरायच्या आधी बाहेरच्या मदतीवर उभं राहिलेलं एखादं काम प्रत्यक्ष बघून या, असं मी आता सगळ्यांना सांगते. आम्ही फार उशिरा वेंगुर्ल्याला गेलो. तिथे मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका कांदळवनातून होडीची सफर घडवतात. सिंधुदुर्गात यूएनडीपीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्याच विकासकामाच्या संस्थेचा, किनाऱ्याच्या जैवविविधतेचा प्रकल्प झाला, त्यातून त्यांना बळ मिळालं. वल्हं मारता मारता झाडं, पक्षी दाखवतात, एकीचाही हात थांबत नाही. आधी गेलो असतो तर अर्जातली अर्धी भाषा बदलली असती. आम्ही 'निसर्गरम्य' हा शब्द अकरा वेळा लिहिला होता.

निकाल विचाराल तर जिल्ह्यातून पुढे गेलो, राज्यात राहिलो. का, ते कळवत नाहीत. बायका दोन दिवस गप्प होत्या, तिसऱ्या दिवशी पुढच्या वर्षीचं बोलायला लागल्या. आता चौदापैकी अकरा घरांत वही आहे. पंचायतीने पावतीपुस्तकांना लोखंडी कपाट दिलं आहे, किल्ली भाऊसाहेबांकडे आणि एक माझ्याकडे.

गेल्या महिन्यात फोन आला, त्याच कार्यालयातून. आवाज ओळखला. "ताई, वरून माहिती मागितली आहे. तुमच्या गावाचा पर्यटकांचा आकडा तेवढा मिळेल का?" मी म्हटलं, "लेखी पत्र पाठवा." पलीकडे जरा वेळ शांतता. संध्याकाळी देवळाच्या पायरीवर जाऊन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिला, महिनावार.