हे पुसणार कोण?

दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की मी थोडा वेळ लोकांची घरं बघते. फोनवरच. पूर्वी हा नाद दाताच्या दवाखान्यातल्या जुन्या मासिकांवर भागायचा. आता अंगठा सरकवला की कोपनहेगनमधला दिवाणखाना, बालीतलं न्हाणीघर आणि बाणेरमधला थ्री बीएचके एकापाठोपाठ एक हजर. विकत काही घ्यायचं नसतं, पण बघून उठलं की हात शिवशिवतात. सोफा खिडकीकडे सरकतो, पितळी पानदान माळ्यावरून टीपॉयवर येतं आणि टीव्हीशेजारची प्लॅस्टिकची फुलं मुकाट्याने माळ्यावर जातात. प्रेरणा म्हणतात ती माझ्या बाबतीत साधारण एवढीच. फुकट असल्यामुळे घरात कोणाची हरकतही नसते.

रंगाचं मात्र मी मनावर घेतलं होतं. पँटोन ही रंगांची कंपनी दरवर्षी एक रंग 'वर्षाचा रंग' म्हणून जाहीर करते. 2024 ला 'पीच फझ' होता, 2025 ला 'मोका मूस'. मग उशांचे अभ्रे, कॉफीचे मग, पडदे, सगळं त्या रंगात निघायला लागतं. मोका मूस पाहिला आणि हसूच आलं. बाळाच्या वाटीतलं नाचणीसत्त्व! तरी आवडला. हॉलच्या एका भिंतीला लावावा म्हणून तसल्या छटांचं शेडकार्ड आणलं आणि आमच्या कामाच्या मावशींपुढे धरलं. त्यांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, कार्ड उजेडाकडे धरलं.

"लावा ताई. ह्याच्यावर बोटं उठायची नाहीत. तुमच्या ह्या पांढऱ्यावर बटनांपाशी किती उठतात, बघा ना."

पेंटच्या दुकानातल्या माणसाने मला त्या रंगाबद्दल 'अर्दी', 'रिच', 'सूदिंग' असं बरंच सांगितलं होतं. कामाचं वाक्य हे एवढंच होतं.

तेव्हापासून मी फोनवरची घरं जरा वेगळी बघायला लागले. मावशी आमच्या सोसायटीत पाच-सहा घरी जातात. कोणाकडे कुठलं लॅमिनेट आहे, कोणाच्या ट्रॉल्या अडकतात, कोणाच्या इटालियन मार्बलवर लिंबाचा डाग पडलाय, सगळं त्यांना पाठ. डिझायनर घर ताब्यात द्यायच्या दिवशी फोटो काढून जातो. मावशी दुसऱ्या दिवसापासून येतात. घर दोन वर्षांनी कसं दिसतं ते विचारायचं तर त्यांनाच विचारायला हवं. पण त्यांना कोण विचारणार!

काळ्या मॅट नळांचंच घ्या. फोटोत काय रुबाब असतो त्यांचा! आमच्या भागात उन्हाळ्यात टँकर येतात, एरवीही बोअरचं पाणी मिसळलेलं असतं. त्या जड पाण्यातला चुना क्रोमच्या नळावरही बसतो, पण तिथे तो चमकेत लपतो. काळ्यावर प्रत्येक थेंब वाळून पांढरा गोल सोडून जातो. "चौथ्या मजल्यावर रोज पुसायचा, आणि तो पण कोरड्या फडक्यानं," मावशी म्हणतात. "ओला हात लावला की परत हायच." ॲसिड मारता येत नाही, मॅट थर निघतो. म्हणजे हा नळ ज्याने काढला त्याच्या गावचं पाणी गोड असणार, नाहीतर त्याच्या घरी मावशी असणार.

दुसरी तऱ्हा फ्लूटेड पॅनेलची. भिंतीवर उभ्या खाचांच्या पट्ट्या, टीव्हीच्या मागे, वॉर्डरोबच्या शटरला, पलंगाच्या डोक्याशी. सध्या पुण्यात तरी ज्या नव्या घरात जावं तिथे ह्या पट्ट्या स्वागताला. दिसतात छानच, वरून प्रोफाइल लाइट सोडला की सावल्यांच्या रेघा पडतात, भिंत उंच वाटते. पण खाच म्हटली की धूळ आली. रस्त्यावर मेट्रोचं नाहीतर कोणाच्या तरी टॉवरचं काम कायमच चाललेलं. एका घरी दिवाळीच्या आधी बाई आणि मावशी दोघी मिळून जुने टूथब्रश घेऊन त्या खाचा साफ करत बसल्या होत्या. शेजारी फराळाची कढई तापत होती, म्हणजे खाचांना थोडं तुपाचं बोटही लागलं असणार.

स्वयंपाकघरातली उघडी फळी ही तिसरी. लाकडाची फळी, त्यावर मोजून चार मातकट बाऊल आणि एक रोप. ज्या घरात रोज फोडणी होत नाही तिथे ही फळी सुखाने नांदते. मोहरी तडतडणाऱ्या घरात आठवड्याभरात तिच्यावर चिकट थर बसतो, त्यावर धूळ, आणि मग ते बाऊल वापरायच्या आधी धुवावे लागतात. तसंच पांढऱ्या क्वार्ट्झच्या ओट्याचं. तो दगड म्हणून मिळतो, पण असतो क्वार्ट्झचा चुरा राळेत बांधलेला. उतरवलेला कुकर थेट टेकवला तर राळेला सोसत नाही, आणि हळद तर टपूनच बसलेली. हळदीचा पिवळेपणा उन्हात उडतो, म्हणून हळद लागलेला नॅपकिन आपण गॅलरीत वाळत घालतो. ओटा कुठे वाळत घालणार?

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की मला नव्या डिझाइनचा राग आहे. तसं नाही, उलटंच आहे. पुसणाऱ्या हाताचा विचार करून घडवलेली वस्तू दिसली की मी हरखून जाते, आणि अशा वस्तू नव्यातही भरपूर आहेत. नवी मुंबईत तुर्भ्याला डिसेंबर 2020 मध्ये आयकियाचं दुकान उघडलं, तेव्हापासून आमच्याकडे ती एक सहलच झाली आहे. तिथे 'बिली' नावाचं पुस्तकांचं कपाट मिळतं. 1979 साली गिलिस लुंडग्रेन यांनी केलेलं डिझाइन, बघायला अगदीच साधं, आणि फक्त 28 सेंटिमीटर खोल. ह्या 28 सेंटिमीटरमध्येच खरी गंमत आहे. पुस्तकांची एकच रांग मावते. आपला सुतार कपाट करतो तेव्हा "जागा कशाला वाया घालवायची?" म्हणून दीड फूट खोल करतो. मग पुढच्या पुस्तकांच्या मागे आणखी एक रांग, तिच्या मागे हरवलेला रिमोट, जुन्या पत्रिका, झुरळ. 28 सेंटिमीटरच्या मागे काही लपत नाही. एक फडकं मारलं की फळी झाली.

पुसणं आणि चालणं मोजून घर आखायचं म्हटलं तर सगळ्यात आधी आठवते ती 1926 ची फ्रँकफर्टमधली गोष्ट. पहिल्या महायुद्धानंतर तिथे कामगारांसाठी हजारो घरं बांधायची होती. व्हिएन्नाच्या मार्गारेट श्यूट-लिहोट्स्की ह्या वास्तुविशारद बाईंकडे स्वयंपाकघराचं काम आलं. त्यांनी स्टॉपवॉच लावून कामं मोजली, आगगाडीच्या भोजनडब्यातलं इवलंसं स्वयंपाकघर अभ्यासलं, आणि साधारण 1.9 मीटर बाय 3.4 मीटरमध्ये सगळं बसवलं. दहा हजारांच्या आसपास घरांत ते बसलं. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची ही पणजी.

तिचे बारकावे वाचताना मजा येते. तांदूळ, साखर, डाळी अशी नावं घातलेले ॲल्युमिनियमचे छोटे खण, पुढे ओतायला चोच असलेले. खण ओढायचा आणि तसाच भांड्यात ओतायचा. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, कारण ओकमधल्या टॅनिनमुळे पिठात अळी होत नाही असं मानत. आपल्याकडे धान्यात कडुनिंबाचा पाला घालतात, त्यातलाच प्रकार. कपाटांना निळसर हिरवा रंग, माशा त्या रंगावर बसत नाहीत असं मानत म्हणून. ओट्यातच कचरा लोटायला खाच, खाली काढून धुता येईल असं पात्र. छताला रुळावर सरकणारा दिवा. बसून काम करायला फिरतं स्टूल. ह्यातलं काहीही 'सुंदर दिसावं' म्हणून आलेलं नाही, आणि त्याचे जुने फोटो बघितले तर डोळ्यांचं पारणं फिटतं. पुढे बाईंनीच सांगून टाकलं होतं की हे सगळं आखेपर्यंत त्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता! म्हणजे स्वतः न करताही दुसऱ्याचे हात नीट बघता येतात. हे मी आमच्याकडच्या डिझायनर मुलांना सांगू शकते.

एक माझी तक्रार आहे. ते स्वयंपाकघर एका बाईपुरतं आहे. स्टूल एकच. मटार सोलायला कोणी येऊन टेकावं, नुसतं गप्पा मारायला दारात उभं राहावं, त्याला तिथे जागा नाही.

भांड्यांच्या बाबतीत मला फिनलंडच्या माइयू गेबहार्ड जवळच्या वाटतात. 1944-45 च्या सुमाराला त्यांनी सिंकच्या वर बसवायचं एक कपाट आखलं. आत तारांच्या खाचा, खाली तळच नाही. धुतलेली ताटली वर खोचायची, पाणी निथळून सिंकमध्ये. पुसायचं काम रद्द. फिनलंडमध्ये हे कपाट आजही घरोघर असतं.

आणि आपल्याकडे काय होतं? स्टीलची मांडणी! भिंतीवर ठोकलेली, ताटांच्या खाचा, वाट्यांचा कप्पा, चमच्यांचं भोकाभोकांचं नळकांडं, खाली कपांचे हूक. भांडी घासली, खोचली, संपलं. हीच मांडणी घर नवं करताना सगळ्यात आधी उतरते. "मॅडम, खूप क्लटर दिसतं," असं मलाही ऐकवलं गेलं. तिच्याजागी थाळी ट्रॉली आली, कप-बशीची वेगळी, बाटल्यांची वेगळी, बोटाने ढकलली की हळूच मिटणारी. छान आहेत, नाही म्हणत नाही. पण ट्रॉलीत ओलं भांडं गेलं तर कडांमधून पाणी शिरून प्लाय फुगतो, म्हणून आता प्रत्येक ताट, प्रत्येक वाटी आधी पुसायची. मावशींचं काम वाढलं, आणि पगाराच्या बोलणीत ही ट्रॉली कुठेच आली नव्हती. मी सिंकवरच्या कपाटाचा तळ काढून आत तारेचा रॅक बसवायला सांगितला आहे. वरून दार आहे, त्यामुळे क्लटरवाल्यांचीही सोय झाली.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत हल्ली दिव्यांच्या शेड, ट्रे, फुलदाण्या घडतात. तिथले कारागीर नव्या डिझायनरांबरोबर काम करतात. तांब्यावर जो ठोक्यांचा नक्षीदार पोत दिसतो ना, ते मठारकाम. बंब आणि घंगाळ्यांच्या काळात ते शोभेसाठी नव्हतं. ठोके बसत गेले की पत्रा कडक होतो, पातळ असला तरी दबत नाही. वर त्या शेकडो छोट्या चकत्यांवर उजेड तुटून पडतो, त्यामुळे बोटांचे ठसे, बारीक ओरखडे त्यात विरून जातात. गुळगुळीत तांब्याचा जग एकदा हाताळला की लगेच डागाळलेला दिसतो, मठारलेला त्यामानाने निभावून नेतो. आता ह्याच पोताची साच्यातून काढलेली नक्कल 'हॅमर्ड फिनिश' म्हणून प्लॅस्टिकच्या कुंडीवरही मिळते. तिथे ठोक्याचं काही कामच नाही, तरी बिचारा आहे.

उजेडाचं मात्र मी नव्या पिढीचं ऐकलं. आमच्याकडे ट्यूबलाइटचा पांढराशुभ्र, 6500 केल्विनचा उजेड म्हणजेच उजेड. पिवळा दिवा म्हणजे व्होल्टेज कमी. भाचीने हॉलमध्ये 3000 केल्विनचे दिवे लावून दिले आणि पहिल्या संध्याकाळी मला घर देखणं वाटलं. दुसरा फायदा मावशींनी सांगितला: पिवळ्यात कोपऱ्यातली जळमटं दिसत नाहीत. स्वयंपाकघरात मात्र ट्यूबच ठेवली. तांदूळ निवडायला मूड लाइटिंग चालत नाही.

एवढी घरं बघितली, पण एका गोष्टीचा फोटो मला अजून सापडायचा आहे. झाडू. तुर्भ्याच्या दुकानातल्या सजवलेल्या खोल्यांत नाही, मासिकात नाही, रील्समध्ये नाही. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो आणि वर्षभर तिला दारामागे उभी करतो. त्या घरांत पोछा, बादली, सुपली, ही मंडळी राहतात तरी कुठे?

म्हणून सुताराला बोलावलं. पॅसेजमध्ये फ्रिजशेजारी एक उभी चिंचोळी जागा आहे. तिथे झाडूचं कपाट करा म्हटलं. लांब दांड्याचा पोछा उभा राहील एवढं उंच, खाली बादलीला जागा, आत फडकी वाळायला दांडी, शटरला हवेसाठी भोकं. तो आधी हसला. मग टेप काढून मापं घेतली, कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर खुणा केल्या आणि दोन पावलं मागे सरकून म्हणाला, "ताई, शटरला फ्लूटेड मारू का? एकदम हटके दिसेल."

आतून मावशींचा आवाज आला, "मारा की. पुसायला पण तुम्हीच या."