घरभर एकच सूर

आज घरातील संगीतव्यवस्था एकदाची मार्गी लागली. जुन्या लिनक्स संगणकावर लिरियन म्युझिक सर्व्हर (साठवलेली गाणी घरातील इतर उपकरणांना पुरवणारा प्रोग्रॅम) बसवला आणि विंडोज लॅपटॉप, मॅक व अँप्लिफायरला जोडलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक या तिन्हींवर स्क्वीझलाइट हा ती गाणी वाजवणारा प्लेअर सुरू केला. ब्राउझरमध्ये सर्व्हरचे पान सगळीकडे उघडत होते, तरीही यादीत एकही प्लेअर दिसेना. कारण नेटवर्कवरील ये-जा रोखणाऱ्या फायरवॉलमध्ये पानासाठीचे ९००० क्रमांकाचे पोर्ट (जणू ये-जा करण्याचे दार) खुले असले, तरी प्लेअर ज्यावरून सर्व्हरला साद घालतात ते ३४८३ बंद होते, आणि ते टीसीपी व यूडीपी अशा माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडावे लागते. सर्व्हर मात्र केबलनेच राउटरला जोडावा, असे माझे ठाम मत आहे. प्लेअर एकमेकांशी जुळवल्यावर भीमसेन जोशी यांचा पूरिया धनाश्री स्वयंपाकघरात आणि दिवाणखान्यात एकाच वेळी ऐकता आला, याचा मनापासून आनंद वाटतो.