तिसरी पट्टी कुठे गेली?

बारावीच्या पुस्तकातल्या आकृतीत दुहेरी स्लिटच्या (म्हणजे शेजारशेजारच्या दोन बारीक फटींतून गेलेल्या उजेडाच्या) सगळ्या उजळ पट्ट्या सारख्याच तेजस्वी असतात. तेच डोक्यात ठेवून मी घरी प्रयोग मांडला. भिंतीवर मधली पट्टी आली, तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन आल्या आणि पुढे अंधार. त्याही पलीकडे फिकट पट्ट्या होत्याच. नेमकी तिसरी तेवढी गायब.

स्लिट घरच्याच. काचेच्या स्लाइडवर कापराची काजळी धरली ("अगं, देवाचा कापूर आहे तो!" इति आजी). दाढीच्या दोन पात्यांमध्ये जाड कागदाचा तुकडा घातला, पाती एकत्र घट्ट धरली आणि फूटपट्टीच्या कडेने ओढली. पहिल्या चार स्लाइड वाया गेल्या. जोर जरा जास्त झाला की काजळीचे पोपडे निघायचे आणि दोन रेघांची एकच होऊन बसायची. पाचवी जमली. लेझर पॉइंटरचं बटण दाबून ठेवायला कपड्यांचा चिमटा लावला. स्लाइडपासून भिंत ३ मीटरवर.

डावीकडच्या दुसऱ्या पट्टीपासून उजवीकडच्या दुसरीपर्यंत २६ मिमी भरले, म्हणजे दोन पट्ट्यांमध्ये ६.५ मिमी. खोक्यावर तरंगलांबी ६५० नॅनोमीटर छापलेली. तिला भिंतीच्या अंतराने गुणलं, ६.५ मिमीने भागलं. स्लिटमधलं अंतर ०.३ मिमी आलं. हिशेब चोख, तरी तिसरी पट्टी नाही! दोन दिवस मी लेझरलाच दोष देत होते, सेलसुद्धा बदलले.

शेवटी तिसरीच्या रिकाम्या जागेवर पेन्सिलीने खूण केली आणि काळ्या कागदाची कड हळूहळू सरकवत एक स्लिट झाकली. (उजेडाच्या अशा पट्ट्यांचा अभ्यास करणाऱ्या इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगनेही १८०३ मध्ये सूर्यकिरणाच्या वाटेत कार्डाची पातळ पट्टी धरून एका बाजूचा उजेड अडवला होता, तेव्हा त्याच्याही पट्ट्या नाहीशा झाल्या होत्या.) माझ्या पट्ट्या गेल्या. उरला एक रुंद लाल डाग, कडेला विरत गेलेला. तो पूर्ण विझत होता तो बरोबर माझ्या खुणेवर, मध्यापासून १९.५ मिमीवर. एकट्या स्लिटचाच उजेड तिथे पोचत नव्हता, मग दोघींचा मिळून काय पोचणार! मघाचाच गुणाकार या १९.५ मिमीने भागला, तर एका स्लिटची रुंदी निघाली ०.१ मिमी. अंतर रुंदीच्या तिप्पट, म्हणून तिसरी गायब.

मग मुद्दाम छेडून पाहिलं. पात्यांमध्ये कागद दुहेरी घातला तर पट्ट्या दाटीवाटीने आल्या, पण डाग जवळपास तेवढाच राहिला. मग जुन्याच मापाच्या रेघांवरून पाती किंचित सरकवून पुन्हा फिरवली. स्लिट रुंद झाल्या तसा डाग आकसला. पट्ट्या मात्र जागच्या हलल्या नाहीत, नुसत्या डागात मावेनाशा झाल्या. मध्ये तीनच उरल्या. या खेपेला दुसरी गायब.