तुम्ही विचारलंत म्हणून: उन्हाळ्यात वाचलेल्या पुस्तकांतलं सगळ्यात आवडलेलं कोणतं?

उन्हाळा सरला की ओळखीचे लोक हमखास विचारतात, "यंदा काय काय वाचलंत?" मी सांगायला लागले की दोन-तीन नावांतच त्यांचा धीर सुटतो आणि खरा प्रश्न येतो: "ते राहू द्या, सगळ्यात आवडलेलं कोणतं ते सांगा." त्यांना एक नाव हवं असतं. मी तेवढ्यापुरतं काहीतरी सांगून सुटका करून घेते, आणि पुढच्या वर्षी वेगळंच नाव सांगते. यंदा जरा सविस्तर उत्तर देते.

एरवी वर्षभरात एक पुस्तक संपलं की दुसरं हातात यायला आठवडे जातात. तोवर पहिलं विरून गेलेलं असतं. उन्हाळ्यात तसं होत नाही. एक मिटतं आणि त्याच संध्याकाळी दुसरं उघडतं. पहिल्याचा आवाज अजून कानात असतो, आणि दुसरं बिचारं त्या आवाजात वाचलं जातं. कुणाचं त्यात भलं होतं, कुणाचं वाटोळं. म्हणून मला पुस्तकाबद्दल बोलायचं तर त्याच्या आधी काय वाचलं होतं हेही सांगावं लागतं.

यंदा सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पासून झाली. हे आत्मचरित्र १९३४पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं. पूर्वी वाचलं होतं तेव्हा मला त्यात त्यांचे पती रेव्हरंड टिळक दिसले होते: कवी, लहरी, हातातलं कुणालाही देऊन टाकणारे, न सांगता घरातून निघून जाणारे. या वेळी नजर गेली ती सोवळ्याकडे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं म्हणजे बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही असला प्रकार. अशा घरातली मुलगी. १८९५मध्ये नवरा ख्रिस्ती होतो आणि पाचेक वर्षांची ताटातूट होते. पुन्हा एकत्र आल्यावरही बाई आधी आपलं पाणी वेगळं ठेवतात, चूल वेगळी ठेवतात. मग एकदा स्वतःशीच विचार करकरून त्या ठरवतात की ही सगळी भिंत माणसांनीच घातलेली आहे. कुणी व्याख्यान देत नाही, चमत्कार होत नाही. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे आधीचं, एकटीनं केलेलं काम. आणि हे सगळं सांगताना बाई हसत असतात! लग्न झालं तेव्हा लिहिता-वाचताही न येणारी ही बाई. स्वतःची फजिती तिच्यासारखी रंगवून सांगणारं मराठीत दुसरं कुणी असेल असं मला वाटत नाही.

त्यानंतर मी एक अलीकडची जाडजूड कादंबरी हाती घेतली. नाव सांगत नाही, कारण तिची काहीच चूक नव्हती. चांगली बांधलेली, अभ्यास करून लिहिलेली. पण लक्ष्मीबाईंच्या पाठोपाठ ती वाचताना प्रत्येक वाक्य आरशात बघून आल्यासारखं वाटायला लागलं. दीडशे पानांवर ठेवून दिली. थंडीत वाचली असती तर कदाचित तुम्हाला तिचंच नाव सांगितलं असतं.

मग मुद्दाम विष्णुभट गोडसे काढले. 'माझा प्रवास'. हा गृहस्थ वरसईचा भिक्षुक. घरावर कर्ज. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा चांगली मिळेल असं ऐकून काकांबरोबर १८५७ साली निघाला आणि सरळ बंडात जाऊन पडला. पुढे झाशीचा वेढा, लूट, सगळं त्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि बऱ्याच वर्षांनी लिहून काढलं. इतिहास म्हणून त्यातली प्रत्येक गोष्ट तपासून घ्यावी लागते हे खरंच, पण मला खिळवून ठेवतं ते त्याचं हिशेबी डोकं. झाशीची लूट तो याज्ञिकाला शोभेल अशा क्रमानं सांगतो: आधी सोनंनाणं गेलं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे आणि धान्य. एकामागून एक पलटणी येतात आणि आधीच्यांनी जे सोडलं ते नेतात. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाचा नाश झाला त्याबद्दलही तो हळहळतो. दक्षिणेची जमलेली पुंजी वाटेत पुन्हा पुन्हा लुटली जाते. घरी पोचतो तेव्हा पैसा फारसा नसतो, पण कावडीतून गंगा आणलेली असते, आणि तिनं तो आईवडिलांना स्नान घालतो. कर्ज फेडायला निघालेला माणूस पाणी घेऊन परत येतो, आणि त्याला स्वतःला यात काही विशेष वाटत नाही.

लक्ष्मीबाई टिळक आणि विष्णुभट. पुढचे काही दिवस माझ्या डोक्यात हे दोघं शेजारीशेजारी बसून बोलत होते. एकानं सोवळं अखेरपर्यंत सांभाळलं, एकीनं सोडलं. दोघांनाही आपण साहित्य लिहितोय असा संशय आलेला नाही. सुटं सुटं वाचलं तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता इथून विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'कडे जायचं म्हणजे मोठीच उडी. १९३९ची ही कादंबरी, शंभरेक पानांची. युरोपातून निघालेली बोट, तीत हिटलरच्या जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, त्यांतली हॅर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर. बोटीवर चार दिवसांची ओळख, प्रेम, आणि मुंबई आली की तो उतरणार, तिला मात्र पुढे जावं लागणार. मी वाचता वाचता थांबले ती एका साध्या गोष्टीपाशी: पुढे म्हणजे कुठे? त्या काळात युरोपातल्या ज्यूंना घ्यायला बहुतेक देश तयार नव्हते. शांघायला उतरायला व्हिसा लागत नसे, म्हणून हजारो लोक ओळखपाळख नसलेल्या त्या शहराकडे निघाले. त्याच वर्षी मे महिन्यात हॅम्बुर्गहून निघालेल्या सेंट लुईस बोटीवर नऊशेहून अधिक प्रवासी होते. क्यूबानं त्यांतले थोडेच उतरवून घेतले, अमेरिका आणि कॅनडानंही दार उघडलं नाही आणि बोट युरोपात परत आली. हे सगळं घडत असताना मराठीत कुणीतरी ते कादंबरीत लिहीत होतं. आपण उगाच म्हणतो की आपलं साहित्य तेव्हा घरातल्या घरात फिरत होतं.

प्रेमकथा म्हणून 'रणांगण'चं कौतुक पुष्कळ झालंय. मला चक्रधर तितकासा आवडत नाही, हे सांगून टाकते. बाईनं एकदा दुखावलं म्हणून सगळ्या बायकांशी हिशेब मांडणारा माणूस. पण लेखकालाही तो फारसा आवडत नसावा, आणि तिथेच ती कादंबरी आजही टिकून आहे. याच बेडेकरांच्या पत्नी म्हणजे मालतीबाई, विभावरी शिरूरकर या नावानं 'कळ्यांचे निःश्वास' लिहिणाऱ्या. ते पुस्तक १९३३चं, म्हणजे 'रणांगण'च्याही आधीचं. ते लगेच पुढे घेतलं. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या त्या कथा चक्रधरनंतर वाचल्या की त्याला परस्पर उत्तर मिळाल्यासारखं वाटतं.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'बद्दल थोडक्यात. धनगरांच्या वाडीवर आलेला पोरगेला मास्तर, आणि शिकवण्यापेक्षा वाडीची सटरफटर कामं करण्यातच जाणारा त्याचा दिवस. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. पूर्वी मला तो शेवट शांत वाटायचा. बोटीवरच्या माणसांनंतर तो शांत राहिला नाही. जोडीला दुसरा बैल नाही म्हणून स्वतः जुवाला खांदा देणारी शेकूची बायको तर अजून डोळ्यांपुढून हलत नाही. माडगूळकर तिच्यावर दोन वाक्यंही जास्त खर्च करत नाहीत.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' यात कुठे बसतं ते विचारू नका. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्याला एक लेख. दर उन्हाळ्यात मी चैत्रापासून सुरू करते आणि पाऊस लागला की पुस्तक बाजूला पडतं. त्यामुळे पिंपळाच्या पालवीवर मी परीक्षा देऊ शकेन, पण मार्गशीर्षाबद्दल मला काही विचारू नये.

एवढं ऐकूनही एकच नाव हवं असेल, तर 'रणांगण' घ्या. फक्त ते पहिलं वाचू नका. आधी एखादं मोकळंढाकळं आत्मचरित्र होऊ द्या, मग ही शंभर पानं एका बैठकीत. आणि गोडसे घेणार असाल तर आवृत्ती बघून घ्या. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी छापली ती त्यांनी हात फिरवलेली आहे. विष्णुभटांच्या मूळ शब्दांतली दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये काढली. तीच मागा.